सदाभाऊंचा अंगठा

सदाभाऊ, तुमचं मनगट मी मोडलं. पाच वर्षं हे वाक्य माझ्या तोंडात होतं आणि तुम्ही जिवंत असेपर्यंत ते एकदाही बाहेर पडलं नाही. आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून ते इतक्या सहज कागदावर उतरतं आहे. माणूस म्हणून माझी किंमत काय, ती एवढ्यावरून कळते.

शिवनाथ नदीच्या काठावर तुम्हाला ठेवलं तेव्हा तुमचे दोन्ही हात छातीवर जुळवायचा प्रयत्न झाला. डावा नीट बसला. उजवा बसेना. मनगटात तो कोन तसाच राहिला होता, तळवा बाहेर वळलेला. तुमच्या साडूंनी दोनदा दाबून पाहिलं आणि सोडून दिलं. माझ्या मागे कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "सदाभाऊंचा अंगठा." कुचेष्टा नव्हती त्यात. मायेनंच म्हणाला असेल. पण तुम्ही चितेवर होता आणि तुमच्यामागे लोकांच्या तोंडी तेवढंच उरलं होतं. मी तिथे, तुमच्यापासून तीन हातांवर उभा होतो. तेव्हाही बोललो नाही.

तुमची माझी ओळख झाली ती भिलाईत नुसते खड्डे होते तेव्हा. प्लांटच्या जागी लाल माती, मुरमाचे ढीग आणि धुळीतून जाणारे डंपर. मी नागपूरहून ड्रॉइंग ऑफिसात आलो होतो, बायको-पोरं अजून तिकडेच होती. तुम्ही लोको शेडची फिटरकी सोडून प्रोजेक्टच्या गॅरेजात मिस्त्री म्हणून लागला होता. माझे वडील रेल्वेत गार्ड होते हे कळल्यावर तुम्ही मला घरी जेवायला नेलंत. कॅम्पमधल्या त्या पत्र्याच्या क्वार्टरात वहिनींनी झुणका-भाकर वाढली आणि तुम्ही विचारलंत, "तुमचं ते ड्रॉइंग, त्यानं गाडी चालते काय?" मी म्हणालो, ड्रॉइंगशिवाय गाडी बनत नाही. तुम्ही म्हणालात, "बनत नसन. पण बिघडली तर कागद कामी येत नाई, बोटं येतेत." तो वाद आपला तिथं सुरू झाला. मिटला कधीच नाही.

जुन्या मोटारींचं वेड मला तुम्ही लावलंत. संस्थानं आणि जमीनदाऱ्या गेल्यावर इकडच्या प्रत्येक गढीत एखादी विलायती मोटार सडत पडली होती. दुर्गच्या देशकर वकिलांनी विकत घेतलेली ती उघडी गाडी तर तुम्ही एका गढीच्या गोठ्यातून काढलीत. मागच्या गादीवर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि गोठ्याचा मालक म्हणत होता, पिल्लं निघू द्या, मग न्या. तुम्ही खरंच थांबलात. एकवीस दिवसांनी बैलगाडी घेऊन परत गेलात. त्या गाडीचं कारबुरेटरमधलं, पेट्रोलवर तरंगणारं बूच सडलेलं होतं. तसं बूच कलकत्त्यालाही मिळेना. तुम्ही औषधाच्या बाटल्यांची बुचं एकावर एक चिकटवून घासलीत आणि वरून लाखेचा हात दिलात. पंपाचा वॉशर वहिनींच्या जुन्या चपलेतून निघाला. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी गाडीत बसल्या.

मग आणखी दोघे-तिघे आले. जोगिंदर सरदारजी माती-मुरमाचे ठेकेदार, त्यांच्याकडे एक पितळी तोंडाची गाडी होती. रायपूरहून एक डॉक्टर यायचे. रविवारी सकाळी वकिलांच्या कंपाउंडमध्ये जमायचं, चहा-पोहे खायचे आणि एखाद्या गाडीचं बॉनेट उघडायचं. वकिलांच्या बायकोनं नाव पाडलं खटारा मंडळ, आणि तेच चिकटलं. मंडळात पैसेवाले होते, शिकलेले होते, पण शब्द तुमचा चालायचा. एखाद्या गाडीचा आवाज ऐकून तुम्ही म्हणालात की तिसऱ्या सिलिंडरात फट आहे, तर तिसऱ्यातच असायची. सरदारजी तुम्हाला उस्ताद म्हणायचे. थट्टेनं नाही.

माझ्याकडे गाडी नव्हती. सायकलही ऑफिसातल्या एकाची उसनी होती. पहिल्या रविवारी वकिलांनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि हे कोण म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, "माझा माणूस आहे." त्यावर कुणी काही विचारलं नाही. सदाभाऊ, त्या तीन शब्दांवर मी त्या कंपाउंडमध्ये उभा राहायचो. परक्या गावात मला तेवढी एकच जागा होती जिथं माझी वाट पाहिली जायची. हे मी सबब म्हणून सांगत नाही. भीती कशाची वाटली ते कळावं म्हणून सांगतो.

ज्यांनी त्या गाड्या पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी एवढं लिहायला हवं. त्या गाड्या किल्लीनं सुरू होत नाहीत. समोर वाकून लोखंडी हँडल फिरवावं लागतं. स्टिअरिंगखाली एक बारीक काडी असते, तिनं ठिणगी लवकर पाडायची की उशिरा ते ठरतं. काडी वर असली की ठिणगी उशिरा. मग हँडल मारणारा सुरक्षित. काडी खाली राहिली तर इंजिन उलटा झटका देतं आणि हँडल घोड्याच्या लाथेसारखं परत येतं. म्हणून तुमचे दोन नियम होते. एक, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीत आवळायचा नाही, म्हणजे झटका आलाच तर हँडल हातातून सुटून जातं. दुसरा, हँडलवाला आधी विचारणार, "काडी?" आणि आत बसलेला डोळ्यांनी पाहून मगच सांगणार, "वर." डोळ्यांनी पाहून. हे तुम्ही प्रत्येकाला शंभरदा सांगितलं असेल. सरदारजींना तर तुम्ही एकदा नुसतं विचारलं की काडी पाहून सांगितली की अशीच सांगितली, आणि त्यांनी मान खाली घातली तेव्हा त्यांना तीन रविवार आत बसू दिलं नाही. एवढे मोठे ठेकेदार, पण त्यांनी ते मानलं.

थंडीत वर्षातून एकदा सगळ्या गाड्या नंदिनीच्या खाणीपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. त्या दिवशी प्रत्येक गाडीला पहिलं हँडल तुमचं. तो मान होता. मालक आत बसायचा, तुम्ही समोर वाकायचात, धोतर खोचलेलं, बाह्या वर. विचारायचात, उत्तर ऐकायचात, आणि अर्ध्या फेरीत इंजिन बोलायला लागायचं.

पहिली भट्टी उभी राहत होती तो हिवाळा. वकिलांनी फेरीला एका रशियन इंजिनियरला सपत्नीक बोलावलं होतं. बरोबर दुभाष्या. वकील पाहुण्यांच्या सरबराईत होते म्हणून त्यांच्या गाडीत काडीवर मला बसवलं. मी किती फुललो होतो. तो रशियन दाराशी येऊन आत डोकावला आणि काडीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. दुभाष्यानं विचारलं, ये क्या है. मला सांगायचं होतं, आणि चांगलं सांगायचं होतं. मी काडी वर नेली, खाली आणली, पुन्हा वर, पुन्हा खाली. ठिणगी, पिस्टन, सगळं हातवारे करून. रशियन बाई हसली. ड्रॉइंग ऑफिसात मला कुणी साहेबांसमोर तोंड उघडू देत नव्हतं, आणि इथे एक परदेशी इंजिनियर माझं ऐकत होता.

पुढून तुमचा आवाज आला. "काडी?"

मी त्या बाईकडे पाहत म्हणालो, "वर."

आवाज कसला झाला ते मी लिहीत नाही. मी पाहिलं तेव्हा तुम्ही जमिनीवर बसला होता आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. सगळे तुमच्याकडे धावले. रशियनही धावला. गाडीपाशी मी एकटा उरलो. मी खाली पाहिलं. काडी खाली होती.

तिथपर्यंत ती चूक होती. तेवढ्यावर मी उतरून ओरडलो असतो, माझ्यामुळे झालं म्हणून, तर तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या, सहा महिने हाकलून दिलं असतं, आणि आज मी तुमच्यासाठी रडू शकलो असतो. मी काय केलं ते मलाच माहीत आहे, आणि तुम्हाला. मी काडी उचलून वर केली. दोन बोटांचं काम. मग उतरलो.

तुम्ही उठलात. चेहरा राखेसारखा झाला होता. कुणाच्या हाताला न लागता गाडीच्या बाजूनं आलात आणि आत पाहिलंत. काडी वर. मग माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला डोळ्यांनी काही दिसायची गरज नव्हती, इंजिननं सांगितलंच होतं. काडी वर असताना ती गाडी लाथ मारत नाही हे तुमच्याइतकं कुणाला माहीत होतं. वकील विचारत होते, कसं झालं, कसं झालं. मला वाटलं आता संपलं. माझ्याकडेच पाहत तुम्ही म्हणालात, "अंगठा चुकला माझा."

कावून, सदाभाऊ? का म्हणालात तसं? पाच वर्षांत हे मी तुम्हाला विचारलं नाही. विचारण्यासाठी आधी कबूल करावं लागलं असतं. माझी दया आली? रशियन पाहुण्यांसमोर आपल्या माणसाची शोभा नको म्हणून? की तुम्हाला वाटलं, पोरगा आज भेदरला आहे, उद्या घरी येऊन आपणच सांगेल? मला हे शेवटचंच खरं वाटतं. आणि तेच सगळ्यात जास्त खातं, कारण त्या उद्याची तुम्ही किती दिवस वाट पाहिली असेल ते मी मोजू शकतो.

हाड बसलं, मनगट वळेना. बोटांत पाना धरता येई, पण फिरवता येईना. गॅरेजातून तुम्हाला स्टोअरमध्ये नेलं, खिडकीवर. लोक स्लिप द्यायचे, तुम्ही डाव्या हातानं नटबोल्ट काढून द्यायचात. मी एकदा कामानं तिथं आलो होतो. तुम्ही एक बेअरिंग कानाशी धरून डाव्या हातानं फिरवत ऐकत होतात. मी परत फिरलो. स्लिप दुसऱ्याच्या हाती पाठवली.

आणि ते नाव पडलं. कुणी वाईट नव्हतं. मंडळाला हसायला काहीतरी लागतं, आणि जो सगळ्यांना अंगठा शिकवायचा त्याचाच अंगठा चुकला, याच्यापेक्षा मोठी गंमत कुठली. कुणी रेडिएटरचं झाकण विसरला, सदाभाऊंचा अंगठा. कुणी पेट्रोल न भरता निघाला, सदाभाऊंचा अंगठा. पुढेपुढे प्लांटमध्येही गेलं ते. ज्यांनी तुम्हाला पाहिलं नाही असे वेल्डर आणि फोरमन चुकीच्या कामाला तुमचं नाव द्यायला लागले. त्या मंडळात डॉक्टर होता, वकील होता, आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की अंगठा चुकला असता तर अंगठा मोडला असता. तुमचा अंगठा धड होता. हँडल बोटांतून सुटलं होतं, जसं सुटायला हवं तसं, आणि फिरून येऊन मनगटावर बसलं होतं. मी ड्राफ्ट्समन आहे. हा सगळा कोन मी कागदावर काढून पाहिला होता. काढला आणि फाडला.

पुढच्या वर्षी फेरीच्या आधी वकिलांनी गाडीला सेल्फ-स्टार्टर बसवायचं काढलं. बटण दाबलं की इंजिन चालू. तुम्ही विरोध केलात. म्हणालात, गाडी जशी जन्मली तशी ठेवा, हिच्यात जीपचं काळीज घालू नका. वकील म्हणाले, सदाभाऊ, हँडलचं काय होतं ते तुमच्याच हातानं दाखवलं की. कुणी हसलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तुले काय वाटते, मधू?"

तो दरवाजा होता. तुम्ही स्वतः उघडून धरला होता. मला हेही दिसत होतं की स्टार्टर बसला की हँडल जाईल, काडीचा प्रश्न जाईल, कुणी कधी त्या दिवसाबद्दल बोलणार नाही. मी म्हणालो, बसवलेला बरा. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे." आणि त्या गाडीवरचा तुमचा पहिल्या हँडलचा मान त्या दिवशी संपला. नंतरच्या फेऱ्यांना तुम्ही मागच्या सीटवर बसून यायचात, पाहुण्यासारखे. तुम्ही कोंबडीसाठी थांबून आणलेल्या गाडीत.

आणखी एक सांगतो. हे इतके दिवस तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका फेरीत नंदिनीहून परतताना एका झाडाखाली चहाला थांबलो होतो. सरदारजींनी हँडब्रेक न ओढता गाडी लावली आणि ती उतारावरून हळूहळू बांधात गेली. सगळे हसायला लागले. मीही हसलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "झाला सदाभाऊंचा अंगठा." सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणालो. मागे वळलो तर डाव्या हातात चहाचा पेला घेऊन तुम्ही उभे. तुम्हीही हसत होता. लोक गाडी ढकलायला गेले. तुम्ही माझ्याजवळ आलात आणि अगदी हळू म्हणालात,

"मधू, तू तरी नोको म्हनू."

एवढंच. पाच वर्षांत त्या गोष्टीबद्दल तुम्ही बोललात ते एवढंच. त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी काय केलं? मी म्हणालो, चला, गाडी ढकलायला माणसं कमी पडताहेत. आणि धावलो.

त्यानंतर तुमच्या घरी येणं मी कमी केलं. बायको-पोरं आली, टाउनशिपच्या सेक्टरात क्वार्टर मिळालं, कारणं सापडत गेली. तुम्ही मात्र संक्रांतीला तिळगूळ पाठवत राहिलात. माझ्या धाकटीला ताप आला तेव्हा कॅम्पातून पायी आलात आणि तासभर तिच्याजवळ बसून तिला इंजिनांचे आवाज काढून दाखवलेत. ती अजून काढते, चार सिलिंडरचा वेगळा, सहाचा वेगळा. तुम्ही बसला होता तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो. बाहेर यायला नको म्हणून कामं शोधत होतो.

मध्ये एकदा, मागच्या उन्हाळ्यात, मी सगळं सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही ओट्यावर बसून कारबुरेटरचं माझं जुनं ड्रॉइंग पाहत होतात. पाच-सहा वर्षांपूर्वी काढून दिलेलं, तेलाचे डाग पडलेलं. म्हणालात, "कागद कामी येते बरं का कधी कधी. हात चालेना तर कागद पायतो." आपल्या वादात तुम्ही हार मानत होता. मला ती जीत नको होती. मी चहा संपवून उठलो, आणि तुम्ही फाटकापर्यंत आलात. थांबलात. मला वाटतं, तुम्ही थोडा वेळ द्यायला थांबलात. मी सायकलवर बसलो.

मग एका सकाळी तुम्ही गेल्याचा निरोप आला.

तेरावा झाल्यावरच्या रविवारी मंडळ वकिलांकडे जमलं, तुमच्या आठवणीसाठी. फोटो होता, हार होता. एकेकानं चार शब्द सांगितले. वकील म्हणाले, इतका मोठा कारागीर, पण बघा, एका क्षणाचा अंगठा. आणि त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. मी उठलो. सगळं सांगितलं. काडी, रशियन बाई, दोन बोटांनी वर केलेली काडी, सगळं. झाडाखालच्या चहाच्या वेळचंही. माझी समजूत होती की बोलल्यावर काहीतरी होईल. कुणी मारेल, निदान शिवी देईल. वकील जमिनीकडे पाहत म्हणाले, जाऊ द्या मधुकरराव, आता हे उकरून कुणाचं भलं होणार. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सरदारजी उठून माझ्यासमोर आले. माणूस तीन रविवार बाहेर उभा राहिला होता तुमच्या नियमासाठी. म्हणाले, "पाँच साल, मधुकर बाबू?" मी हो म्हणालो. ते आपल्या गाडीपाशी गेले, हँडल स्वतः मारलं आणि निघून गेले. मला वाटत नाही ते परत माझ्याशी बोलतील.

सदाभाऊ, हलकं काही झालं नाही. लोक म्हणतात कबूल केलं की ओझं उतरतं. ज्याच्यासमोर कबूल करायचं तो माणूस नसला की ओझं कुठं उतरवायचं. तुमचं नाव मी धुतलं असंही म्हणता येत नाही. मंडळात धुतलं असेल. प्लांटमध्ये काल एका वेल्डरच्या तोंडून पुन्हा ऐकलं. त्याला मी थांबवून सांगितलं, असं म्हणू नका, तो माणूस चुकला नव्हता. तो म्हणाला, कोन आदमी? त्याला माहीतच नव्हतं की तुम्ही कुणी माणूस होता.

मग वहिनींकडे गेलो. परवा त्या साडूंबरोबर गोंदियाला निघणार, क्वार्टर सोडायचं आहे. ट्रंक उघडी होती, त्या तुमचे कपडे घड्या करून ठेवत होत्या. "बसा मधूभाऊजी," म्हणाल्या आणि पाणी दिलं. माझी समजूत होती त्यांना ठाऊक असेल. वाटलं, तुम्ही निदान घरात सांगितलं असेल. नवरा इतकी मोठी गोष्ट बायकोपासून लपवतो कुठं. म्हणून मी सुरुवातच अशी केली, वहिनी, त्या दिवसाचं तुम्हाला ठाऊकच आहे.

"कोन्त्या दिवसाचं?" त्या म्हणाल्या.

तुम्ही सांगितलं नव्हतं. मला वाचवायचं म्हणून तुम्ही स्वतःच्या बायकोलाही तेच सांगितलंत, अंगठा चुकला.

मी सांगत गेलो. त्यांच्या हातातला सदरा अर्धा घडी होऊन तसाच राहिला. संपल्यावर त्यांनी तो मांडीवर ठेवला. मग विचारलं, "त्यांले ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. "पयल्या दिवसापासून?" पहिल्या क्षणापासून, मी म्हणालो.

त्या सदऱ्याच्या गुंड्यांवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, ह्या गुंड्या पाच वर्षं मी लावल्या. भाकर मोडता येत नव्हती, ती मी मोडून द्यायची. चपलेचा पट्टा मी लावायची. मग बोट थांबलं.

"आन् रोज बोलायची मी त्यांले. दुनियेले अंगठा शिकवत फिरले, सोताचा कुठं ठेवला होता म्हनून. जेवत्या ताटावर बोलायची. गेले त्याच्या आदल्या दिवशी पन बोलली. ते नुसतं म्हनत, चुकला वं, काय करू. मी काय बोलून राहिली होती त्यांले पाच वर्षं, भाऊजी?"

तुमची बायको माझ्यामुळे तुम्हाला रोज घालूनपाडून बोलत होती आणि तुम्ही ते जेवणाबरोबर गिळत होता, हे मला त्या खोलीत, त्या उघड्या ट्रंकेसमोर कळलं. हे कळायला तुम्हाला जावं लागलं. आता त्यांनी काय करायचं? तुमच्याकडे येऊन त्यांनाही काही म्हणता येत नाही. माझी शिक्षा मी त्यांच्याही वाट्याला आणली.

"आता कावून सांगतलं?" त्या म्हणाल्या. "न सांगता जाऊ द्यायचं होतं मले."

मी खाली बसलो, जमिनीवर, ट्रंकेपाशी. पाया पडलो नाही, ते नाटक झालं असतं. त्यांच्याकडे पाहून बोललो. तुमच्यासमोर जे बोलायला हवं होतं ते आता दुसऱ्याच माणसापुढे बोलावं लागत होतं, आणि त्यांच्यापुढे माझा गुन्हा आणखी वेगळा होता. म्हणालो,

"वहिनी, तुमी त्यांले जे बोलल्या ते तुमचं बोलनं नव्हतं. ते मी तुमच्या तोंडून बोलवलं. काडी मी खाली ठेवली, मीच वर केली, आन् पाच वर्षं तुमच्या घरातलं जेवन कडू केलं. ते जिते असताना त्यांची माफी मागाले मी गेलो नाई. तुमची मागतो. तुमी करू नका, पन मी मागतो."